मेळाव्यात १५ मिनिटं बोलायचं आहे

पत्र:

'ताई, मी यवतमाळ जिल्ह्यात घाटंजी तालुक्यातल्या एका खेड्यात कृषी सखी म्हणून काम करते. बारावी झाले आहे. घरची दोन एकर पऱ्हाटी (कपाशी) आहे. गेल्या हंगामात गुलाबी बोंडअळीसाठी कामगंध सापळे (मादीच्या वासानं नर पतंग ओढणारे) लावले आणि रोज सकाळी पतंग मोजून वहीत लिहिले. शेजारच्यांपेक्षा आम्हाला दोन फवारे कमी लागले. कृषी सहायकांनी ती वही पाहिली आणि पोळ्यानंतर तालुक्याला होणाऱ्या शेतकरी मेळाव्यात १५ मिनिटं बोलायला माझं नाव दिलं. तेव्हापासून झोप नाही. बचत गटात मी बोलते, पण तिथं तीन-चारशे माणसं, वर स्टेजवर साहेब लोक. माझी बोली वऱ्हाडी. मालक म्हणतात, भाषण लिहून पाठ कर. पुतण्यानं २६ स्लाइडचं पीपीटी करून दिलं आहे. आणखी एक, मध्ये आठ दिवस सासूबाई दवाखान्यात होत्या, तेव्हा पतंग मोजले नाहीत. ते सांगू की झाकू? की सरळ नाही म्हणून टाकू?'

उत्तर:

प्रिय सखी,

नाही म्हणू नका. त्या स्टेजवर बोंडअळीची माहिती असलेली माणसं बरीच असतील. साहेबांकडे पुस्तकातली आहे, औषधवाल्यांकडे त्यांच्या बाटलीवरची आहे. पण एका वावरात रोज सकाळी जाऊन सापळ्यातले पतंग मोजले आणि त्या आकड्यावरून फवारा मारायचा की थांबायचं ते ठरवलं, असं सांगणारी तिथं बहुतेक तुम्ही एकट्याच असाल. लोकांना ऐकायचं आहे ते हेच. म्हणून तयारीची सुरुवात भाषण लिहिण्यापासून करू नका, ती वही पुढ्यात घेऊन बसा.

वही उघडली की पहिला प्रश्न स्वतःला विचारा: मला ऐकून घरी गेलेला माणूस दुसऱ्या दिवशी सकाळी आपल्या वावरात काय करेल? याचं उत्तर एकाच वाक्यात आलं पाहिजे. तुमच्या मनात सध्या पाच-सहा गोष्टी गर्दी करत असणार. अळीचं जीवनचक्र, सापळे, डोमकळ्या (अळीमुळं न उमललेली फुलं) तोडून नष्ट करणं, निंबोळी अर्क, फवारताना घ्यायची काळजी, डिसेंबरनंतर फरदड (वेचणी झाल्यावरही उभं राखलेलं पीक) न ठेवणं. सगळ्या खऱ्या आणि सगळ्या गरजेच्या. पण मांडवात बसलेल्या माणसाच्या हाती त्यातली एखादीच लागते, आणि कोणती लागावी हे तुम्ही ठरवलं नाही तर ते नशिबावर जातं. माझं मत विचाराल तर तुमचं वाक्य हे आहे: फवारा मारायच्या आधी मोजा.

हे वाक्य मधोमध ठेवलं की बाकीच्या गोष्टी त्याच्याभोवती येतात. मोजायचं कसं, ते दोन प्रकारे सांगा. पहिला प्रकार सापळ्याचा. पाहणीसाठी एकरी दोन सापळे, पिकाच्या शेंड्यापेक्षा साधारण फूटभर उंच. ल्युअर, म्हणजे सापळ्यातली वासाची गोळी, पाकिटावर लिहिलेल्या मुदतीत बदलायची. सलग तीन रात्री एका सापळ्यात आठ किंवा त्याहून जास्त पतंग आले तर फवाऱ्याची वेळ झाली. दुसरा प्रकार बोंडं फोडण्याचा. एकरात वेगवेगळ्या झाडांवरून वीस हिरवी बोंडं तोडायची, ब्लेडनं फोडायची. दोन बोंडांत अळी किंवा तिची खूण दिसली तर ते नुकसान दहा टक्के, आणि तीही फवाऱ्याची वेळ. एवढंच. हे दोन आकडे तुमच्या भाषणात तीन वेळा यायला हवेत: एकदा सांगताना, एकदा वहीतलं उदाहरण देताना आणि एकदा शेवटी, उतरायच्या आधी.

मग लोक विचारतील, मोजायचं कशाला, सगळे मारतात तेव्हा आपणही मारावा. इथं तुम्ही रमा, घाई करू नका. अंड्यातून निघालेली बारीक अळी बोंडात शिरते आणि तिनं पाडलेलं छिद्र बोंड वाढताना बुजून जातं. बाहेरून बोंड हिरवंगार, टवटवीत दिसतं. आत अळी सरकी खात असते आणि वरून मारलेलं औषध तिच्यापर्यंत पोचतच नाही. म्हणजे उशिरा मारलेला फवारा वाया गेला आणि गरज नसताना मारलेलाही वाया गेला. वाया गेलेल्या फवाऱ्याची किंमत पैशातच मोजायची नसते, हे यवतमाळ जिल्ह्याला मी काय सांगू. २०१७ च्या हंगामात फवारणीच्या विषबाधेनं तुमच्याच जिल्ह्यात शेतकरी आणि शेतमजूर दगावले. त्या घरांतली माणसं मेळाव्यात बसलेली असू शकतात. तो उल्लेख दोन वाक्यांत, आवाज न चढवता करा आणि पुढं चला.

आता २६ स्लाइडांचं. पुतण्यानं मनापासून केलं आहे, त्याला दुखवू नका. पण १५ मिनिटांत २६ स्लाइड म्हणजे एकीला पाऊण मिनिटही येत नाही, आणि तेवढ्या वेळात तुम्ही लोकांकडं पाहणार की पडद्याकडं? शिवाय मेळावा दिवसा असतो. बाजार समितीच्या शेडमध्ये किंवा मांडवात बारा वाजताच्या उजेडात पडद्यावरचं फिकट होऊन जातं, मागच्या रांगेला अक्षर दिसत नाही, आणि लाइन गेली तर सगळंच गेलं. पुतण्याला सांगा, या २६ मधून मला एकच चित्र हवं. त्याचं मोठं फ्लेक्स काढून आण. कोणतं चित्र? तुमच्या वहीचं. आडवी तारीख, उभे पतंग, आठाच्या आकड्यावर एक लाल रेघ. कोणत्या दिवशी आकडा रेघेच्या वर गेला आणि कोणत्या दिवशी तुम्ही फवारा मारला, तिथं बाण. वाचता न येणाऱ्या माणसालाही ते कळतं. काड्या लावून दोघी जणींनी ते धरलं की पडदा, प्रोजेक्टर, वायर कशाचीच गरज नाही.

आणि खऱ्या वस्तू न्या. एक सापळा न्या. त्याच दिवशी सकाळी वावरातून आठ-दहा हिरवी बोंडं तोडून पिशवीत घ्या, मिळाल्या तर दोन-तीन डोमकळ्या घ्या. पाकळ्या चिकटून न उमललेलं ते फूल हातात धरून दाखवलं, की बायांमधून आवाज येतो, 'असं तं आमच्याबी वावरात हाये!' हा आवाज आला की पुढची दहा मिनिटं तुमची. एक बोंड सगळ्यांसमोर फोडा. अळी निघाली तर दाखवा, नाही निघाली तरी चालतं. तेव्हा म्हणायचं, यात नाही, म्हणूनच वीस फोडायची.

मालकांचा सल्ला, पाठ करण्याचा. अर्धा ऐका. पहिली दोन-तीन वाक्यं आणि शेवटची दोन वाक्यं अगदी तोंडपाठ करा, झोपेतून उठवलं तरी म्हणता यावीत अशी. मधलं पाठ करू नका. पाठ केलेल्या भाषणात एक शब्द निसटला की पुढचा सापडत नाही. माणूस छताकडं बघत उभा राहतो आणि ऐकणाऱ्यांनाही अवघडल्यासारखं होतं. सुरुवातीचं मात्र पाठ हवंच, कारण भीती सगळ्यात जास्त पहिल्या मिनिटात असते. छाती धडधडते, तोंड कोरडं पडतं, गुडघे हलतात. हे चांगल्या चांगल्या वक्त्यांनाही होतं आणि बोलायला लागल्यावर ओसरतं. तेवढं मिनिट तोंडपाठ वाक्यांवर निभावून न्यायचं.

ती पहिली वाक्यं कशी असावीत? मेळाव्यात बहुतेक जण 'व्यासपीठावरील सन्माननीय' करून एकेक नाव घेत जातात आणि तेवढ्यात तीन मिनिटं संपतात. तुम्ही एकदाच सगळ्यांना नमस्कार करा, तो पुरेसा आहे, त्यात कुणाचा अपमान नाही. दुसरं, 'मी काही मोठी वक्ता नाही, चुकलं तर माफ करा' हे वाक्य चुकूनही म्हणू नका. आपल्याकडं, विशेषतः बायांना, ते नम्रतेचं वाटतं. पण ते ऐकलं की समोरचा माणूस मोबाइल काढतो. चारोळीही नको. सरळ वावरात शिरा. तुमच्या बोलीत असं काहीसं:

'राम राम. गेल्या साली आमच्या दोन एकर पऱ्हाटीत मी सापळे लावले. रोज सकाळी पतंग मोजले अन् या वहीत लिहून ठेवले. या वहीत काय सापडलं, थेच तुमाले सांगाले आली.'

यात वही हातात उंच धरायची. झालं, सुरुवात झाली.

बोलीची लाज तर मुळीच नको, आणि हे मी तुम्हाला बरं वाटावं म्हणून म्हणत नाही. गाडगेबाबा अमरावती जिल्ह्यातल्या शेंडगावचे. त्यांनी मुंबईतल्या लोकांपुढंही कीर्तन केलं ते वऱ्हाडी बोलीतच, आणि ते नुसतं सांगत नसत, लोकांना प्रश्न विचारत. लोकांनी उत्तर द्यायचं, त्या उत्तरावरून पुढचा प्रश्न. हजारो माणसं तासन् तास बसून राहत. ती रीत तुम्हालाही उचलता येईल. 'गेल्या साली तुमी किती फवारे मारले?' असं विचारा आणि थांबा. हात वर करायला सांगा: तीन, चार, पाच? 'त्यातला कोणता फवारा मोजून मारला?' इथं शांतता होईल. होऊ द्या, ती भरून काढायला जाऊ नका. मनात पाचपर्यंत मोजा आणि मग वही उघडा. साहेब लोकांसाठी बोली बदलायला गेलात तर तुमचं अर्धं लक्ष शब्दांत अडकेल आणि बोंडअळी बाजूला राहील. तुम्ही साहेबांसाठी बोलतच नाही आहात, समोर खाली बसलेल्यांसाठी बोलता आहात.

त्यातही मागं बसलेल्या बायांसाठी. फवारा कोणता आणायचा ते घरातला गडी ठरवतो, पण निंदताना आणि वेचताना प्रत्येक झाडाजवळून जाते ती बाई. डोमकळी पहिल्यांदा तिलाच दिसते. बोलताना तिच्याकडं पाहा.

त्या आठ दिवसांचं. सांगा, अगदी स्वच्छ सांगा. 'या आठ दिवसांत सासूबाई दवाखान्यात होत्या, मोजलं नाही, म्हणून इथं रकाना कोरा आहे.' फ्लेक्सवरही ती जागा कोरीच ठेवा. शेतकऱ्याला माहीत असतं की घरात आजारपण येतं, मयत होते, पाऊस सहा दिवस लागतो. सगळे रकाने भरलेली वही पाहिली की त्याला वाटतं, ही एका बसणीत लिहिली. कोरा रकाना पाहिला की बाकीच्या आकड्यांवर त्याचा विश्वास बसतो. आणि तुम्हालाही रात्री झोप लागते, कारण कुणी नेमकं तेच विचारेल ही धास्ती राहत नाही. तसंच, फक्त आपल्या वावराचं बोला. 'सगळ्यांचे दोन फवारे वाचतील' असं म्हणू नका. 'आमचे दोन वाचले, तुमचे किती वाचतात ते तुमचा सापळा सांगेल' असं म्हणा.

वेळेचं आता. तुम्हाला १५ मिनिटं दिली आहेत, पण मिळतीलच असं धरू नका. दीपप्रज्वलन, शाल-श्रीफळ, पाहुणे उशिरा, प्रास्ताविक लांबलं, आणि तुमचं नाव पुकारलं जातं तेव्हा मसालेभाताचा वास सुटलेला असतो. सूत्रसंचालक कानाशी येऊन म्हणतो, 'ताई, पाच मिनिटांत आटपा.' यावर एकच उपाय. तीन तयाऱ्या ठेवायच्या: १५ मिनिटांची, ७ मिनिटांची आणि ३ मिनिटांची. तीन मिनिटांची आधी तयार करा, कारण तिच्यात तुमचं हाडच राहतं: वही, आठ पतंग, वीस बोंडं, एक कोरा रकाना, संपलं. सात मिनिटांत प्रश्न आणि बोंड फोडणं येईल. पंधरात छिद्र बुजण्याचं आणि २०१७ चं. अशी बांधणी असली की वेळ कापला तरी तुम्ही मधूनच तुटत नाही. अंदाजासाठी सांगते, संथ बोललं तर मिनिटाला साधारण शंभर-सव्वाशे शब्द होतात. घाबरलं की वेग वाढतो आणि पंधराचं भाषण दहात संपतं, त्यामुळे सावकाश बोला.

सरावाशिवाय यातलं काहीच उपयोगाचं नाही, आणि सराव म्हणजे मनातल्या मनात वाचणं नव्हे. तोंडानं, उभं राहून, आवाज काढून. सगळ्यात आधी एकटीनं, धुऱ्यावर उभं राहून समोरच्या पऱ्हाटीला सांगा. मोकळ्या वावरात आवाज किती लांब टाकावा लागतो ते कळतं. नंतर मोबाइलवर रेकॉर्ड करून एकदाच ऐका. स्वतःचा आवाज कुणालाच आवडत नाही, तिकडं लक्ष देऊ नका. कुठं अडखळता आणि कुठं कंटाळा येतो तेवढं टिपून घ्या. कंटाळा आला ती जागा कापा. तिसऱ्या वेळी माणसं हवीत. घरची नकोत, ती एक तर कौतुक करतात नाही तर हसतात. बचत गटाच्या बायांपुढं बोला आणि संपल्यावर 'कसं वाटलं' असं विचारू नका, सगळ्या 'छान' म्हणतील. विचारा, 'उद्या वावरात गेलीस तर काय करशील?' ती म्हणाली, 'वीस बोंडं फोडून पाहीन,' तर तुमचं भाषण तयार आहे. ती म्हणाली, 'बोंडअळी लय बेकार असते,' तर तुमचं वाक्य अजून मधोमध आलेलं नाही, आणखी कापा. एखाद्या सहावी-सातवीतल्या पोरालाही बसवा. त्यानं दोन्ही आकडे बरोबर परत सांगितले की काळजी मिटली.

हातात कागद ठेवायचा तर सुटी पानं नकोत. हात थरथरला की पान थरथरतं आणि ते सगळ्यांना दिसतं. पोस्टकार्डाएवढ्या जाड पुठ्ठ्याचे चार तुकडे करा, प्रत्येकावर मोठ्या अक्षरात दोन-तीन शब्द, कोपऱ्यात क्रमांक. तेही कदाचित लागणार नाहीत, कारण वही हातात आहेच.

दोन दिवस आधी कृषी सहायकांना फोन करून एवढं विचारा: माझा नंबर कितवा, माइक हातातला की स्टँडचा, सापळा ठेवायला टेबल मिळेल का, फ्लेक्स धरायला दोन बाया पुढं बसतील का. त्या दिवशी लवकर पोचा आणि रिकाम्या स्टेजवर एकदा चढून उतरा. माइक तोंडापासून चार बोटं, जाळीवर हात नको, 'हॅलो हॅलो' करत ठोकायचं नाही आणि स्पीकरच्या तोंडापुढं उभं राहायचं नाही, शिट्टी वाजते. टिनाच्या शेडवर पाऊस आला तर ओरडू नका. थांबा, सापळा आणि डोमकळी घेऊन पहिल्या रांगेपर्यंत खाली या, फिरवून दाखवा, सर कमी झाली की परत बोला. उपवास असेल तर फराळ करून निघा, आणि पोळ्यानंतर तिसऱ्याच दिवशी हरतालिका असते, मेळावा नेमका त्या निर्जळ दिवशी आला तर सासूबाईंशी आधीच बोलून पाण्याची तरी सूट घ्या. कोरड्या घशानं १५ मिनिटं बोलता येत नाही.

शेवटी प्रश्न येतील. एक नक्की येईल: 'बीटी हाये तरी अळी कशी?' त्याचं उत्तर तयार ठेवा. आपल्याकडच्या बीटी बियाण्यात अळीला मारणारी दोन प्रथिनं आहेत, गुलाबी बोंडअळीनं त्या दोन्हींना दाद देणं सोडलं आहे, त्यामुळे बियाण्यावर विसंबून चालत नाही. दुसरे प्रश्न भावाचे, पीकविम्याचे, रोही (नीलगाय) आणि डुकरांचे येतील. ते तुमच्या विषयाचे नाहीत, पण माणसाचा जीव त्यातच अडकलेला असतो, म्हणून झटकू नका. 'दादा, हे माझ्या हाती नाही, साहेब इथं आहेत, त्यांना विचारू,' म्हणून माइक त्यांच्याकडं द्या. एखादे जुने शेतकरी उठून म्हणतील, 'आमी चाळीस साल पऱ्हाटी पेरतो, तू आमाले शिकवतं का?' त्यांच्याशी वाद नको. 'काका, तुमच्या वावरात यंदा पहिली डोमकळी कधी दिसली?' असं विचारा आणि ते सांगतील ते तिथंच वहीत लिहा. तुम्ही लिहिताना दिसलात की पुढचा माणूस आपणहून तारीख सांगतो. एखाद्या औषधाचं नाव किंवा मात्रा विचारली आणि पक्कं ठाऊक नसेल तर अंदाजानं कधीही सांगू नका. नाव, गाव आणि फोन नंबर लिहून घ्या, कृषी विज्ञान केंद्रातून विचारून आठवड्याच्या आत त्यांना कळवा.

पोळा काही फार लांब नाही. गटाची पुढची बैठक जेव्हा असेल तेव्हा पहिला सराव तिथंच करा. अध्यक्षताईंना आजच सांगून ठेवा, की हप्ते जमा झाले की १५ मिनिटं माझी, आणि कुणी मधून उठायचं नाही.

तुमची,
ताई